वेगळे ताट

दिवाळी आली की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि मासिकांच्या मागच्या पानांत मधुमेह्यांसाठी एक चौकट हमखास छापून येते. तीत खजुराची बर्फी असते, अंजिराचे लाडू असतात, ‘बिनसाखरेच्या’ करंज्या असतात. आणि तळाशी ‘मधुमेही मंडळींनीही सणाचा आनंद लुटावा’ असा मानभावी आशीर्वाद असतो. ह्या चौकटीविरुद्ध माझी तक्रार आहे. खजुराच्या वजनाचा बहुतेक भाग साखरच असतो, तेव्हा ती बर्फी बिनसाखरेची कशी, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो. माझे भांडण चौकट आखण्याशीच आहे. छापील पानावर जी चौकट, तेच घरात वेगळे ताट. पंगतीच्या टोकाला, थोडे आडोशाला, फिकट दुधी आणि कारले वाढलेले, दयेच्या नजरेने सरकवलेले ते ताट ज्याने ज्याने पुढे घेतले असेल, त्याला माझे म्हणणे कळेल.

मी माढ्याचा. चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले आणि गेली चौदा वर्षे मधुमेहाशी संसार करतो आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचे असेल त्यांना चार पाने थांबावे लागणार नाही. मधुमेह्याचे वेगळे ताट बंद झाले पाहिजे. त्याला घरच्यांचे ताट द्यावे, असे मात्र मी म्हणत नाही. घरच्यांनी त्याचे ताट घ्यावे, असे मी म्हणतो. जे अन्न त्याला पथ्याचे, तेच त्याच्या मुलाला, सुनेला आणि नातवंडांना हिताचे आहे. किंबहुना त्यांनाच ते अधिक हिताचे आहे, कारण त्यांचे अजून वाचण्यासारखे पुष्कळ शिल्लक आहे.

आधी हिशेब पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे ह्या देशात वीस वर्षांवरील १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. टक्केवारीत सांगायचे तर ११.४ आणि १५.३, बेरीज २६.७. म्हणजे वीस वर्षांवरील दर चार माणसांत एकाहून थोडे अधिकच! आता सांगा, चार प्रौढ माणसांच्या घरात एकच ताट वेगळे वाढून काय साधले? एकाचा रोग कळला आहे म्हणून त्याचे ताट वेगळे. उंबरठ्यावरचा कोण, हे ठाऊकच नाही म्हणून त्याच्या ताटात पुन्हा एक पुरी!

ह्या गोंधळाचे मूळ रोगाच्या नावात आहे. आमच्याकडे मधुमेह कुणी म्हणत नाही. ‘त्यांना शुगर आहे’ असे म्हणतात. नाव साखरेचे पडल्यामुळे वैर फक्त साखरेशी, बाकी सारे मित्र, असा सरळ समज होतो. मागे एका मंगलकार्यात माझ्या एका मेहुण्यांनी माझ्यावर जातीने पहारा ठेवला होता. वाढपी जिलबी घेऊन आला, तोच त्यांनी त्याचा हात धरला. “दाजींना गोड नाही!” साऱ्या पंगतीला कळेल इतक्या मोठ्याने ते म्हणाले. मग जिलबी नाही म्हणून मनाला वाईट वाटू नये, ह्या सद्‌भावनेने त्यांनी माझ्या ताटात तीन वेळा भात वाढवला. “भाताला काय साखर असते, दाजी? घ्या पोटभर.” आता तीनशे ग्रॅम शिजलेल्या भातात ८० ग्रॅमांवर पिष्ट असते. चहाचा चमचा पाच ग्रॅमांचा धरला तर हे सोळा चमचे झाले. माझ्या मेहुण्यांनी जिलबीची दोन कडी अडवली आणि सोळा चमच्यांची गाडी रुखवतासारखी वाजतगाजत आत सोडली!

कारण असे की, भात, भाकरी, पोळी, पोहे, बटाटा ही सारी पिष्टमय अन्ने आहेत आणि पोटात गेल्यावर पिष्टाची अखेर ग्लुकोज नावाची साखरच होते. ती रक्तातून शरीराच्या पेशींत शिरावी म्हणून स्वादुपिंडातून इन्शुलिन स्रवते. ते कमी पडले, किंवा असूनही शरीर त्याला दाद देईनासे झाले, म्हणजे साखर रक्तातच तुंबते. तुंबलेली साखर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे, पायांच्या नसा आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या ह्यांचा वर्षानुवर्षे नाश करीत राहते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. रक्ताला ती साखर जिलबीतून आली की भातातून, हे विचारण्याची सोय नाही. त्याला किती आली आणि किती वेगाने आली, एवढेच कळते.

पंढरपूर आम्हाला शेजारी. एकादशी घरोघर. त्या दिवशी मधुमेही माणूस पुण्याईने साबुदाण्याची खिचडी खातो, आणि ‘आज काहीच खाल्ले नाही, उपास आहे’ असे डॉक्टरांना सांगतो. शंभर ग्रॅम साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम पिष्ट असते, आणि प्रथिने जवळजवळ नाहीतच. ज्या कंदापासून तो होतो, तो कंद मुळात दक्षिण अमेरिकेतला. विठोबाचा आणि त्याचा ऋणानुबंध एवढा जुना खासच नाही की, खिचडी सोडली तर देव रागवेल.

साखरेची ही गत, तर गुळाची काय सांगावी! हल्ली रस्तोरस्ती ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या लागल्या आहेत आणि भलीभली माणसे तो औषधासारखा पितात. “गूळ देशी आहे, त्याने काही होत नाही,” असे म्हणणारा मनुष्य माढा तालुक्यात भेटला म्हणजे मला हसू येते. अरे बाबा, तुझ्याच शेतातला ऊस! तोच रस कढईत आटला की गूळ, आणि कारखान्यात गेला की साखर. गुळात थोडे लोह, थोडे क्षार असतील. पण त्याचा फार मोठा भाग तीच उसाची शर्करा. थोरल्या भावाला घराबाहेर काढायचे आणि धाकट्याला पाटावर बसवायचे, ह्याला पथ्य म्हणत नाहीत.

उसाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमचा तालुका मूळचा शाळूचा. काळ्या रानात पावसाची ओल धरून, थंडीच्या दवावर पोसलेली ही रब्बीची ज्वारी. शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही दख्खनभर पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्वारीबरोबर तूर, हरभरा, हुलगा, करडई, शेतातच उगवणारी पालेभाजी, असे ते सगळे कुटुंबच होते. पुढे १९८० साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले, ते ह्याच तालुक्यात. पाणी आले, ऊस आला, कारखाने आले आणि हाती पैसाही आला. ऊस लावणाऱ्याला मी नावे ठेवीत नाही. ज्याने कोरडी विहीर पाहिली आहे, त्याने पाणी मिळाल्यावर ऊस लावला तर तो शहाणाच म्हणायचा. परंतु पिकाबरोबर ताटही बदलले, त्याचे काय? हुलग्याचे माडगे गेले, मटकीची उसळ सणावारी उरली, सकाळच्या भाकरीच्या जागी चहाबरोबर पाव आणि खारी आली. आम्ही शाळू विकतो आणि बिस्किटे आणतो! सोलापूरची कडक भाकरी नि शेंगदाण्याची चटणी परगावची माणसे कौतुकाने बांधून नेतात, आणि आमची पोरे पुडीतली कुरकुरीत नळी चघळतात.

इथे माझे जुने मित्र टाळ्या वाजवू लागतील. “बघा, मास्तर आपल्या बाजूचे! जुने ते सोने!” त्यांनी हात आवरावे. ज्वारी म्हणजे अमृत नव्हे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठातही सुमारे ७० ग्रॅम पिष्ट असतेच. तिच्यात कोंडा अधिक म्हणून साखर मैद्याच्या मानाने सावकाश चढते, एवढाच तिचा गुण. चार भाकरी नुसत्या ठेच्याशी खाणारा आमचा आजा त्या पचवीत होता, कारण तो दिवसभर मोट हाकीत होता. नातू त्याच चार भाकरी खाऊन मोटारसायकलीवरून कोपऱ्यावर पान खायला जातो. चरकाने प्रमेहाच्या कारणांत बसून राहण्याचे सुख आणि झोपेचे सुख मोजले आहे. सुश्रुताने ह्या रोगाचे जन्मजात आणि अपथ्याने होणारा असे दोन प्रकार सांगितले आहेत. ज्यांना प्राचीनांचा अभिमान आहे, त्यांनी प्राचीनांचे एवढे तरी ऐकावे.

आता एका अपमानाविषयी बोलतो. मधुमेह झाला की लोक हळूच म्हणतात, “खाण्याची चंगळ! दुसरे काय?” हे बोलणे जितके निर्दय तितकेच अडाणीपणाचे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले होते. दोघांचेही उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३, पण अंगातील चरबी साहेबाच्या ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या २१.२ टक्के! आपण दिसायला किडकिडीत आणि आतून स्निग्ध. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांनी गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास केला, त्यात तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची भरली. इंग्लंडातील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोंची. आमच्या बाळांचे स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने जपलेली. हॉलंडात १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. त्या काळात ज्या मुलांचा गर्भात वाढ होण्याचा काळ गेला, त्यांना मोठेपणी साखर पचवणे जड गेले, असेही दिसून आले आहे.

हे वाचताना मला १९७२ आठवते. रेशनची तांबडी मिलो, खडी फोडायची कामे, तिथे मिळणारी सुकडी. त्या वर्षी ज्या आयांनी पोटात मूल घेऊन खडी फोडली, त्यांची मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्यापैकी कुणाला शुगर निघाली तर तुम्ही त्याला चंगळखोर म्हणणार? उपाशी पोटाच्या वारसाला भरले ताट मिळाले, आणि त्या ताटात निव्वळ पिष्टच भरले, हे खरे दुखणे आहे. तेव्हा रोग ही पापाची शिक्षा नव्हे. आणि वेगळे ताट हे त्या न केलेल्या पापाचे प्रायश्चित्त होऊ नये.

माझ्या भांडणाचे सर्वांत मोठे कारण मात्र पुढेच आहे, आणि ते माझे नाही. आमच्या आळीत एक वहिनी आहेत. त्यांच्या यजमानांना शुगर निघाली. त्या दिवसापासून नऊ वर्षे ह्या माउलीने त्यांचे पथ्य सांभाळले. त्यांना मोडाची उसळ, त्यांना पालेभाजी, त्यांना ताकाची वाटी. आधी त्यांचे वेगळे ताट, मग मुलांची ताटे, आणि सर्वांच्या शेवटी स्वतःचे. तोवर उसळ संपलेली, भाजीचा रस उरलेला. मग उरला भात आणि कालची भाकरी चटणीला लावून खायची. अन्न टाकवत नाही म्हणून थोडी अधिकच. नऊ वर्षांत यजमानांचे रक्त दर तीन महिन्यांनी तपासले गेले. वहिनींचे एकदाही नाही. पायाच्या अंगठ्याला काटा रुतल्याचे निमित्त झाले. जखम दोन महिने भरेना, तेव्हा कुठे रक्त तपासले. अंगठा काढावा लागला. पथ्याचे सारे शास्त्र ज्या हातांना तोंडपाठ होते, त्या हातांच्या धनिणीच्या ताटात ते कधी आलेच नाही. ती काही चुकली नव्हती. ताट एकाचेच होते, तिथे तिचा इलाज काय?

वाचकहो, वेगळे ताट म्हणजे रोग्याला दूर लोटणे, एवढेच नव्हे. शेवटी जेवणारीला उपाशी आणि अर्धपोटी नव्हे, तर पिष्टाने पोट भरून रोगी करणे, असाही त्याचा अर्थ होतो. गरोदरपणी ज्या मुलीची साखर वाढते, तिला पुढे मधुमेह होण्याचा धोका मोठा, आणि तिच्या बाळालाही तो अधिक. अशा मुलीला आपण डिंकाचे लाडू आणि तुपातला शिरा चारून माहेरपण साजरे करतो आणि तिची तपासणी बाळंतपणाबरोबरच विसरून जातो.

दुसऱ्या एका जमातीचाही समाचार घेतला पाहिजे. ही मंडळी वेगळ्या ताटाच्याही पुढे गेली आहेत. कुणी जांभळाच्या बियांची पूड विकतो, कुणी कारल्याचा रस, कुणी ‘गोळ्या बंद करून दाखवतो’ म्हणून छातीवर हात मारतो. आहाराने आणि वजन उतरवल्याने कित्येकांची साखर खाली येते, काहींची औषधे कमी होतात, क्वचित सुटतातही, हे खरेच आहे. पण ती सोडायची कधी, हे डॉक्टरांनी रक्त पाहून ठरवायचे असते. शेजाऱ्याने अनुभव सांगून नव्हे. ज्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्याला तर जगात दुसरे पथ्य नाही. टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट ह्यांनी इन्शुलिन हाती आणले. १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका मुलाला टोचले गेले. त्याआधी अशी मुले उपास घडवून काही महिने जगवीत आणि मग गमावीत. त्या मुलाचे इन्शुलिन काढ्याच्या भरवशावर तोडणे म्हणजे त्याला शंभर वर्षे मागे, मृत्यूच्या दारात नेऊन बसवणे होय. आणि जो इन्शुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर आहे, त्याने उपास धरला आणि त्याला घाम फुटून हातपाय कापू लागले, तर त्याच क्षणी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्याला प्यायला द्यावी. त्या घटकेला तीच बदनाम साखर त्याचा जीव वाचवते. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा.

“पण मास्तर, एकासाठी साऱ्या घराने का कडू व्हायचे?” असे मला विचारतात. मी विचारतो, कडू कोण म्हणाले? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली साऱ्या भारतीयांसाठी, म्हणजे धडधाकट माणसांसाठी, जे आहाराचे नियम काढले, त्यांत धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि भाज्या, फळे, कंद मिळून ताटाचा निम्मा भाग असावा, असेच सांगितले आहे. हे वाचले आणि मी माझ्या पथ्याच्या कागदाशी ताडून पाहिले. फारसा फरक सापडला नाही! आणि हे नुसते बोलणे नव्हे. मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, उंबरठ्यावरच्या पाचशेहून अधिक माणसांवर तीन वर्षे प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००६ साली आले. नुसत्या आहाराने आणि चालण्याने मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. गोळीने घटले ते २६.४ टक्क्यांनी. गोळी प्रत्येकाला वेगळी द्यावी लागते. ताट मात्र एकदाच बदलले की घरातल्या सर्वांना लागू पडते.

“सणाचा एक दिवस, त्याने काय होते?” हा शेवटचा मोर्चा. एका दिवसाने काही होत नाही, हे मला मान्य. पण आपल्याकडे तो एक दिवस गणपतीत सुरू होतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत संपत नाही. रक्त तपासायच्या आदल्या चार दिवसांत गोड सोडणाऱ्या हुशार मंडळींसाठी ‘एचबीए१सी’ नावाची तपासणी आहे. ती मागच्या तीनेक महिन्यांचा सरासरी हिशेब मांडते. परीक्षेच्या आदल्या रात्री पाढे पाठ करणाऱ्या मुलांना मी चौतीस वर्षे ओळखत आलो आहे. ही तपासणीही ओळखते.

मग ह्या दिवाळीत करायचे काय? सणाला गोड नको, असे मी मुळीच म्हणत नाही. करंजी सर्वांना एकेक वाढा, मधुमेह्यालाही वाढा. जेवणाच्या शेवटी वाढा, आणि त्या जेवणात भाताला सुट्टी द्या. साऱ्यांनाच सुट्टी द्या. ताटाच्या अर्ध्या भागात भाजी, कोशिंबीर, पाला. पाव भागात डाळ, उसळ, दही, ज्यांना चालते त्यांना अंडे किंवा मासळी. उरलेल्या पाव भागात भाकरी. आधी कोशिंबीर, भाजी नि उसळ खावी, भाकरी मागाहून. एवढ्या क्रमानेही साखर कमी चढते. जेवण झाले की पत्ते मांडण्याआधी घरातल्या सर्वांनी पंधरा मिनिटे चालून यावे. आमच्याकडे माढेश्वरीच्या देवळापर्यंत जाऊन आले की पुण्यही पदरात पडते. स्वयंपाक करणारीने शेवटी जेवायची चाल मोडा; सर्वांनी एका वेळी बसा. आणि भाऊबीजेला ओवाळणी घालणाऱ्या भावांनो, ह्या वर्षी बहिणीला घेऊन दवाखान्यात जा आणि दोघेही रक्त तपासून या. उपाशीपोटी १२६ किंवा त्यावर आले तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडे जायचे. १०० ते १२५ आले तर उंबरठा आला असे समजायचे आणि त्याच दिवसापासून ताट बदलायचे.

पाडव्याला पंगत मांडाल तेव्हा सगळ्या ताटांवरून एकदा नजर फिरवा. एखादे ताट वेगळे दिसले, तर ते कुणाचे म्हणून विचारू नका. बाकीची ताटे त्याच्यासारखी करा.